दीड लाखाची ओ-रिंग

गेल्या महिन्यात ओळखीतल्या दोघांनी फोन करून एकच विचारलं. "ताई, जर्मनीच्या व्हिसाचं तुम्ही कसं केलं? आणि मुळात जायची गरज होती का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी फोनवरच दिलं. दुसऱ्याचं नीट देता आलं नाही, म्हणून सगळं लिहून काढते.

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. तीन सीएनसी आणि दोन व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी मशीनं), गेली दहा वर्षं "विकायची आहे" म्हणून ठेवलेली एक लेथ आणि एकोणीस माणसं. मशीनची बाजू दादा बघतो, कागदांची मी. दक्षिण जर्मनीतल्या एका पॅकेजिंग मशीन बनवणाऱ्या कंपनीला आम्ही चार वर्षांपासून स्टीलचे बुश, म्हणजे आतून पोकळ गोल नळकांडी, पुरवतो. या चार वर्षांत एकमेकांना प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. ऑर्डर ईमेलवर, बोलणं व्हिडिओवर, आणि पैसे साठ दिवसांनी येतात.

जून २०२५ मध्ये ४०० नगांच्या लॉटमधले ६२ परत आले. शेरा होता, कडा धारदार असल्यामुळे आत बसणारं रबरी सील, म्हणजे ओ-रिंग, कापलं जातं. आम्ही मोजून पाहिलं, सगळं ड्रॉइंगप्रमाणे होतं. फोरमन काका मापाचं व्हर्निअर टेबलावर आपटत म्हणाले, "ड्रॉइंगमंदी हाय तसंच केलं ना आपण. आता त्याले अजून का पायजे?" तिकडच्या क्वालिटीवाल्याने फार सभ्यपणे लिहिलं, सप्टेंबरात दोन दिवस इकडे या, समोरासमोर बसून बघू. त्यासाठी २२ आणि २३ सप्टेंबर या तारखा ठरल्या.

पहिली चूक इथे झाली, आणि ती माझीच. माझ्या पासपोर्टची मुदत ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंत होती, त्यामुळे तो चालू आहे म्हणून मी निर्धास्त होते. जर्मनीला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू असावा लागतो, दहा वर्षांच्या आत काढलेला असावा लागतो आणि त्यात दोन कोरी पानं लागतात. हे मला जुलैच्या शेवटी कळलं. साध्या अर्जाचे १५०० रुपये होते, तत्काळचे त्यावर २००० जास्त. अजून दीड महिना आहे, कशाला घालवायचे दोन हजार, असा विचार करून मी साधा अर्ज भरला.

५ ऑगस्टला पासपोर्ट सेवा केंद्रातलं काम दीड तासात आटोपलं. ए, बी, सी काउंटर, फोटो, बोटांचे ठसे, सगळं सुरळीत झालं. पण मधल्या काळात आम्ही महालातून मनीषनगरला राहायला आलो होतो. पत्ता बदललेला, म्हणजे पोलीस पडताळणी आली. आणि नागपुरात ऑगस्ट म्हणजे पोळा, पाठोपाठ मारबत, पाठोपाठ गणपती. सगळं पोलीस खातं बंदोबस्तावर असताना माझी फाइल कोणाच्या टेबलावर पडून होती, यात कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. पासपोर्ट हातात आला ११ सप्टेंबरला. व्हिसा अर्ज केंद्राच्या संकेतस्थळावर पाहिलं तर सर्वांत जवळची अपॉइंटमेंट ऑक्टोबरातली. दोन हजार वाचवले आणि सप्टेंबर गेला.

मग २२ सप्टेंबरची मीटिंग व्हिडिओवरच झाली. घटस्थापनेचा दिवस होता. घरी घट बसवून मी अकरापर्यंत कारखान्यात आले. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे दीड आणि हिवाळ्यात अडीच. दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ मागे जातं आणि दर वर्षी कोणीतरी एक जण एक तास आधी येऊन बसतो. बहुतेक वेळा दादाच.

त्या मीटिंगमध्ये क्वालिटीवाल्याने आमचा बुश कॅमेऱ्यासमोर धरला. तो तुकडा जवळ आणायचा आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर फोकस धरायचा. आम्हाला त्याचा चष्मा छान दिसत होता, स्टीलची कडा काही दिसेना. मी म्हटलं, मागे पांढरा कागद धरून बघा. त्याने धरला, मग कागदावर फोकस आला. पन्नास मिनिटांनी ठरलं की आम्ही कडेवरची बर, म्हणजे कापल्यावर राहणारी बारीक खरखरीत धार, हाताने अजून साफ करायची. दोन मुलांना त्याच कामाला बसवलं, प्रत्येक नग हाताने घासून घेतला. नोव्हेंबरच्या लॉटमधले ४८ परत आले.

एक नग आम्हाला साधारण साडेअकराशेला पडतो. ११० नग म्हणजे सव्वा लाखाच्या वर, दोन मुलांची मजुरी वेगळीच. दादाने त्या दिवशी जेवणाच्या डब्याच्या झाकणावर पेनाने हिशोब मांडला आणि म्हणाला, "जाऊनच ये. पण जाऊन काय पाहून राहिली ते आधी ठरव." हे दुसरं वाक्य फार कामाचं निघालं. मी कागदावर तीनच गोष्टी लिहिल्या: रिंग कोण चढवतं, कुठे चढवतं, कशी चढवतं. दर आणि पेमेंटचं बोलणं मुद्दाम यादीच्या बाहेर ठेवलं, कारण त्याला विमान लागत नाही.

या वेळी तारखा उलट क्रमाने ठरवल्या. आधी अपॉइंटमेंट मिळवली आणि मग त्यांना फेब्रुवारी सुचवला. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारणपणे पंधरा दिवस धरतात, पण जास्त चौकशी निघाली तर पंचेचाळीसपर्यंत जाऊ शकतं. मी सरळ पंचेचाळीस धरूनच चालले. मधे नाताळ येत होता.

कागद जमवताना सर्वांत जास्त वेळ खाल्ला एका शिक्क्याने. मागच्या काही महिन्यांचं बँक स्टेटमेंट लागतं, बँकेच्या सही-शिक्क्यासह. बँकेत म्हणाले, ऑनलाइन काढा, आता शिक्का लागत नाही. मी म्हटलं, मला लागतो. साहेब सुटीवर, शिक्का साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली साहेबांकडे. तीन खेपा झाल्या. बाकी तीन वर्षांचे आयकर विवरणपत्रं, भागीदारीचा करार, जीएसटी आणि उद्यम नोंदणी हे सगळं आमच्या सीएंनी एका दुपारी काढून दिलं. निमंत्रणपत्र जर्मन कंपनीच्या लेटरहेडवर हवं. त्यात माझं नाव पासपोर्टवर आहे तसंच, तारखा, कामाचं स्वरूप आणि खर्च कोण करणार, हे सगळं स्पष्ट असायला हवं. पहिल्या पत्रात माझं मधलं नाव गाळलं होतं. ते मी परत मागवलं, तिकडच्या बाईंनी वीस मिनिटांत दुरुस्त करून पाठवलं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तो बाराशे रुपयांत झाला, यादीतली सर्वांत स्वस्त गोष्ट.

फोटोचं सांगते, कारण त्यात माझा अर्धा तास गेला. ३५ बाय ४५ मिलिमीटर, मागे फिकट रंग, चेहऱ्यावर हसू नको. धरमपेठेतल्या स्टुडिओवाल्याने सवयीने माझी त्वचा गुळगुळीत करून दिली. मुंबईत व्हिसा केंद्राच्या खिडकीवरच्या मुलीने फोटो पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, दुसरा काढावा लागेल." तिथल्या मशीनवर काढला. आता आहे तो फोटो माझाच आहे, वयासकट.

अपॉइंटमेंट १६ डिसेंबरची. नागपुरात हे काम होत नाही, मुंबईला जावं लागलं. हिवाळी अधिवेशनाच्या गर्दीमुळे विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट आधी वेटिंगवर होतं, आदल्या दिवशी कन्फर्म झालं. आदल्या संध्याकाळी गाडीत बसायचं, सकाळी मुंबईत उतरून स्टेशनवरच्या प्रतीक्षालयात तोंड धुवायचं, काम करायचं आणि संध्याकाळच्या विदर्भनेच परत, असा बेत. हॉटेल वाचलं. समृद्धीने गाडी काढायचा दादाचा विचार होता, पण सातशे किलोमीटर जाऊन मुंबईत पार्किंग शोधण्यापेक्षा रेल्वे बरी.

केंद्रात अर्जाच्या बारकोडच्या पानावर शाई फिकी आली होती. ऑनलाइन भरलेल्या अर्जाची शेवटची पानं बारकोडची असतात आणि ती स्कॅन झालीच पाहिजेत. तिथे छपाई मिळते, पण एका पानाचा दर ऐकून आपल्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याबद्दल प्रेम दाटून येतं. घरून लेझर प्रिंटरवर दोन प्रती काढून न्या. दहा बोटांचे ठसे घेतले. हे ठसे ५९ महिने चालतात, म्हणजे पुढच्या अर्जाला तेवढं तरी वाचतं. व्हिसाचे ९० युरो आणि केंद्राचं सेवाशुल्क मिळून अकरा हजार सहाशे लागले. मुंबईची फेरी टॅक्सी-जेवणासह सात हजार चारशेला पडली.

मग वाट पाहणं. ट्रॅकिंगच्या पानावर तीन आठवडे एकच ओळ होती. मी ती दिवसातून किती वेळा पाहिली हे इथे लिहीत नाही. तिकीट काढलेलं नव्हतं, फक्त राखून ठेवलेलं. अर्जासाठी आरक्षणाचा कागद चालतो, पूर्ण पैसे भरलेलं तिकीट आधीच काढून ठेवू नका. ९ जानेवारीला कुरिअरवाला आला. व्हिसा एका प्रवेशाचा, माझ्या तारखांपुरता आणि वर थोडे जास्तीचे दिवस. भारतीयांसाठी एप्रिल २०२४ पासून नियम सैल झालेत, तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले की पुढचा दोन वर्षांचा मिळू शकतो. माझा हा पहिलाच.

७ फेब्रुवारीला, शनिवारी पहाटे, नागपूरहूनच दोहामार्गे निघाले. सोनेगाव विमानतळाहून थेट परदेशी विमान मिळणं ही चैन आहे, आठवड्यातल्या मोजक्याच दिवशी असली तरी. बारा नमुना बुश मी चेक-इन बॅगेत टाकले होते, सोबत लेटरहेडवर यादी, 'विक्रीसाठी नाही, नमुना' असं लिहून. स्टीलचे असे जड तुकडे हातातल्या बॅगेत ठेवले तर सुरक्षा तपासणीत बॅग उघडणार हे ठरलेलंच. दादाला आमचं मोजमापाचं महागडं गेजही पाठवायचं होतं. परत आणायच्या उपकरणांसाठी एटीए कार्ने नावाचा कागद असतो, आपल्याकडे तो फिक्की ही उद्योगांची संघटना देते. एका गेजसाठी तो खटाटोप नको म्हणून गेज घरीच ठेवलं.

आता सीमेवरची गोष्ट. युरोपने १२ ऑक्टोबर २०२५ पासून नवी प्रवेश-निर्गम नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू केली, एप्रिल २०२६ मध्ये ती सगळीकडे लागू व्हायची होती. मी गेले ते मधल्या काळात, म्हणजे नवी नोंदणीही आणि जुना शिक्काही. पहिल्यांदा जाणाऱ्याचा चेहरा टिपून घेतात. व्हिसावाल्यांचे ठसे आधीच त्यांच्याकडे असतात, त्यामुळे ते फक्त जुळवून पाहतात. ऐकायला वीस सेकंदांचं काम, आणि माझं खरोखर तेवढ्यातच झालं. पण त्या वीस सेकंदांपर्यंत पोचायला एक तास पन्नास मिनिटं लागली. तीन विमानं एकदम उतरली होती. माझ्या पुढे एक आजी होत्या, त्यांचं बोट मशीन घेईना. प्रत्येक वेळी हात पुसून त्या परत ठेवत होत्या, शेवटी अधिकाऱ्याने स्वतःचा रुमाल दिला. माझ्या वेळी अधिकाऱ्याने विचारलं, कशासाठी आलात? मी निमंत्रणपत्र पुढे केलं. त्याने न वाचता शिक्का मारला.

पुढची रेल्वे तोवर गेली होती. मी स्वस्तातलं, ठरलेल्या गाडीचंच चालणारं तिकीट काढलं होतं, ४० युरोंचं. ते वाया गेलं, नवं ७४ युरोंना घेतलं. उतरल्याच्या दिवशीचं तिकीट कुठल्याही गाडीला चालेल असंच घ्या, किंवा तिथे पोचल्यावर घ्या. परतीचं मात्र स्वस्तातलं चालतं.

रविवार झोपेत आणि थंडीत गेला. सोमवारी सकाळी कंपनीच्या दारात सुरक्षारक्षकाने माझा फोन मागितला आणि कॅमेऱ्यावर, पुढे-मागे दोन्हीकडे, छोटे लाल स्टिकर चिकटवले. आत फोटो काढायचे नाहीत, व्हिडिओ नाही. तो शिस्तीत स्टिकर दाबत होता आणि मला सप्टेंबरची मीटिंग आठवत होती. क्वालिटीवाला आम्हाला त्याच्या केबिनमधून तुकडा का दाखवत होता आणि असेंब्लीपर्यंत कॅमेरा का नेत नव्हता, ते तेव्हा कळलं. तो नेऊच शकत नव्हता.

असेंब्लीच्या टेबलावर पन्नाशीच्या एक बाई काम करत होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला जर्मन येत नव्हतं. त्यांनी बुश फिक्स्चरमध्ये, म्हणजे नग पक्का धरणाऱ्या साच्यात, बसवला, ओ-रिंगला किंचित ग्रीस लावलं आणि अंगठ्याने दाबून आत सरकवली. मी पाहिलं आणि परत करायला सांगितलं. त्या रिंग मागच्या बाजूने चढवत होत्या. आमच्या ड्रॉइंगवर चॅम्फर, म्हणजे कडेला दिलेला तिरका उतार, पुढच्या बाजूला आहे. मागच्या बाजूला फक्त 'धार मोडा' एवढंच, त्याचं माप ठरलेलं नाही. मी बोटाने खूण करून विचारलं, या बाजूने का? त्यांनी फिक्स्चरवर टकटक केलं. नवीन फिक्स्चर. पुढची बाजू त्याच्या आडव्या पट्टीने झाकली जाते. क्वालिटीवाला म्हणाला, हे वसंतात बदललं, त्यापूर्वी दुसरं होतं. म्हणजे आमचा लॉट परत येऊ लागला त्याच सुमारास.

मी विचारलं, मी करून पाहू? बाईंनी जागा दिली. पहिली रिंग नीट गेली, दुसरी नीट गेली. तिसरी जाताना अंगठ्याला काहीतरी लागलं. पाहिलं तर रबराची काळी कपची, नखाच्या कापलेल्या टोकाएवढी, चंद्रकोरीसारखी, ग्रीसमुळे अंगठ्याला चिकटलेली. बाईंनी ती पाहिली आणि "या, या" म्हणाल्या. जर्मनमध्ये 'या' म्हणजे हो, पण मला वाटलं जवळ बोलवताहेत, आणि मी एक पाऊल पुढे सरकले. मग आम्ही दोघी हसलो.

ड्रॉइंगमध्ये बुशच्या मागच्या बाजूला चॅम्फरचं माप टाकून नवी आवृत्ती निघायला पंधरा मिनिटं लागली. आमच्या बाजूने तो सीएनसीच्या प्रोग्रॅममध्ये एका ओळीचा बदल. आमची मुलं महिनाभर कडा घासत बसली ते काम बरोबर होतं, फक्त बाजू चुकीची होती.

उरलेला दीड दिवस? मंगळवारी दुपारपर्यंत दर, पुढच्या वर्षीचा अंदाज आणि पेमेंट, हे सगळं झालं. प्रामाणिकपणे सांगायचं तर ते स्क्रीनवर चाळीस मिनिटांत झालं असतं. पेमेंटचे साठ दिवस मी पंचेचाळीस करून मागितले, त्यांनी साठच ठेवले. समोर बसून नकार ऐकणं जास्त अवघड जातं, कारण ते कॉफी पण विचारतात.

परतताना दोह्यात सोळा तास काढले. गुरुवारी पहाटे घरी पोचले. हिशोब असा: पासपोर्ट, व्हिसा, विमा, मुंबई, विमान ७१ हजार, तीन रात्रींचं हॉटेल ३० हजार आठशे, तिकडची रेल्वे वाया गेलेल्या तिकिटासह १६ हजार नऊशे, वरखर्च साडेनऊ हजार. एकूण १,४९,९००. दादा म्हणाला, शंभर रुपये टाकून दीड लाखच लिही, लक्षात राहतं. मार्चच्या लॉटमधला एकही नग परत आला नाही.

एप्रिलमध्ये त्यांनी सगळ्या पुरवठादारांची बैठक ठेवली आणि मला परत बोलावलं. व्हिसा एका प्रवेशाचा होता, म्हणजे ९० युरो आणि मुंबईची फेरी पुन्हा. सीमेवरच्या यंत्रणेत माझी नोंद आता तीन वर्षं राहणार आहे, त्यामुळे पुढच्या वेळी फक्त जुळवून पाहतील. रांग मात्र तेवढीच लांब असणार. मी लिहिलं, व्हिडिओवर येते, पण बदल्यात ते फिक्स्चर आम्हाला एक पाठवा. आता कोणालाही विचारायचं झालं तर मी एवढंच विचारते, तुम्हाला जे बघायचंय त्याच्यावर तिथे लाल स्टिकर आहे का?

फिक्स्चर कुरिअरने आलं. ते फोरमन काकांच्या टेबलावर, व्हर्निअरच्या शेजारी आहे. लॉट निघाला की पहिल्या दहा रिंगा काका स्वतः चढवतात, आणि माप घ्यायच्या आधी अंगठा बघतात.